आष्टा रोडवरचा पाठमोरा जयराज

सांगलीच्या खणभागात रिजवान मुजावरचा स्टुडिओ कुठं म्हणून विचारलं, तर माणसं जरा अडखळतात. मग एखादा म्हणतो, "रसूलभाईंचा पोरगा व्हय? पळणारा फोटोवाला?" आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानाकडं बोट दाखवतो. आता रिजवान पंचेचाळिशीच्या पुढं गेलाय. कानाजवळचे केस पांढरे झालेत, अंग काटक आहे, आणि बोलणं बेताचं. गल्लीनं त्याला दोनच गोष्टींवरनं ओळखलं. एक कॅमेरा, आणि दुसरं ते पहाटेचं पळणं.

दुकान त्याच्या बापाचं. घरात एखाद्याचा फोटो काढायचा म्हणजे आठ दिवस आधी कपडे धुवून ठेवायचे, त्या काळात रसूलभाईंनी ते थाटलं. लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो, फौजेत निघालेल्या पोरांचे पासपोर्ट, सगळं त्यांच्याकडं यायचं. 'चेहरा आला तर फोटो आला, बाकी नुसता कागद,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकाची हनुवटी ते दोन बोटांनी उचलायचे आणि मनासारखी होईपर्यंत सोडायचे नाहीत. रिजवान हे बघत मोठा झाला आणि बापाच्या हाताखाली तयार झाला.

पण एक काम बापानं कधी केलं नाही, ते रिजवाननं केलं. पोलिसांना पंचनाम्याला फोटोवाला लागायचा. कृष्णेत कुणी बुडालं, रेल्वे रुळावर कुणी सापडलं, रस्त्यावर अपघात झाला, की ठाण्यातनं निरोप यायचा. रसूलभाई हात जोडून नको म्हणायचे. रिजवान तेव्हा विशीत होता, भीती कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. तो गेला. नानासो नावाचे एक हवालदार होते, त्यांना त्याचं काम आवडलं. पोरगा तोंड फिरवत नाही, मढ्यापाशी गप्पा हाणत नाही, कापड सरकलं असेल तर आधी नीट करतो. मग नानासोंचा फोन त्यालाच येऊ लागला, आणि वर्षानुवर्षं येत राहिला.

त्या कामाचा हिशोब शरीरानं उशिरा मागितला. लग्न झाल्यावर नूरीनच्या ध्यानात आलं, की ज्या दिवशी तसला फोन येतो, त्या दिवशी हा घरी येऊन आंघोळ करतो, मागच्या दारात बसून राहतो आणि लेकरांना उचलून घेत नाही. पुढं त्याहून वाईट झालं. एखाद्या लग्नात नवरीवर दिव्यांचा झोत पडला की त्याला ती डोळे मिटलेली दिसायची. हळदीनं पिवळा झालेला तो चेहरा त्याला कृष्णेतनं घाटावर काढलेल्या कुणाचा तरी वाटायचा. तो फोटो काढायचा, फोटो चांगले यायचे, लोक खूश असायचे. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. झोप मात्र गेली.

त्यात महापूर आला. खणभागात पाणी शिरलं, दुकानाच्या छताला लागलं आणि उतरायचं नाव घेईना. उतरलं तेव्हा रसूलभाईंची आख्खी जिंदगी चिखलात होती. निगेटिव्हची पाकिटं उघडली तर आतनं काळपट लगदा निघाला. अर्ध्या गल्लीची लग्नं त्यात होती. म्हातारा पायरीवर बसला, एक एक पाकीट हातात घेऊन बाजूला ठेवत राहिला. त्यानंतर तो दुकानात आलाच नाही. त्याच थंडीत गेला.

बाप गेल्यावर रिजवानची जागरणं आणखीच वाढली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही, रोज चाला म्हणाले. म्हणून तो पहाटे आमराईत जाऊ लागला. झाडांखालनं म्हातारी माणसं फेऱ्या घालायची, त्यांच्या मागनं हा मान खाली घालून फिरायचा. तिथंच जयराज भेटला.

जयराज मूळचा आष्ट्याचा. फौजेतनं हवालदार होऊन निवृत्त झालेला, सांगलीत एका बँकेत सुरक्षारक्षक होता. बायको-मुलांसह विश्रामबागेत भाड्यानं राहायचा. पहाटे आमराईला वेढे घालत पळायचा. चार-सहा दिवस त्यानं रिजवानला पाहिलं आणि एक दिवस शेजारी येऊन पाय मंद केले.

"असं चालून झोप लागंल व्हय?" तो म्हणाला. "पळ की जरा."

रिजवान म्हणाला, मला पळता येत नाही. त्यावर जयराजनं त्याला एकच नियम सांगितला. "पळताना बोलता आलं पायजे. बोलता यिना झालं की समजायचं, चुकतंय. मग दमानं घ्यायचं." त्या दिवशी रिजवान आमराईच्या फाटकापर्यंत पळाला आणि ओकला. दुसऱ्या दिवशी परत आला.

पुढच्या काही महिन्यांत त्याचं अंग बदललं. आधी आमराई, मग विश्रामबागेपर्यंत, मग मिरजेपर्यंत जाऊन परत. थकलेल्या अंगाला झोप लागायला लागली, आणि झोपेत ती पंचनाम्यातली माणसं येईनाशी झाली. जयराज पुढं, रिजवान मागं, हे आपोआप ठरलं. जयराज फौजी, त्याला मागं राहणं जमायचं नाही. रिजवानला पुढं जायची हौस नव्हती.

रविवारी मात्र लांबची वाट असायची. अंधारात खणभागातनं निघायचं, आयर्विन पूल ओलांडायचा, सांगलीवाडी, डिग्रज, तुंग करत थेट आष्टा. तिथं जयराजच्या थोरल्या भावाच्या घरी त्याची आई राहायची, हरणाबाई. ती दारातच उभी असायची आणि दरवेळी तेच म्हणायची, "एस्टी हाय की रं मुडद्यांनो. पैसं न्हाईत का?" मग चुलीपुढं बसवून गरम भाकरी, वांग्याचं कालवण आणि दह्याची वाटी पुढं सरकवायची. रिजवानला ती आधी भाकरी द्यायची, जयराजला मागनं. तो कुरकुरला की म्हणायची, "तू घरचा हायस, थांब." खाऊन पिऊन दोघं एस्टीनं परत यायचे, बहुतेक वेळा एकमेकांच्या खांद्यावर डुलक्या घेत.

त्या वाटेवरच रिजवानच्या हाताला दुसरं काही लागलं. कमरेच्या पट्ट्यात तो एक लहानसा कॅमेरा ठेवू लागला. पळता पळता काढायचा, एखादा फोटो घ्यायचा आणि पुन्हा पळत जयराजला गाठायचा. उंबऱ्यात बसून दात घासणारी बाई, हळद वाळत घातलेलं अंगण, उसाच्या ट्रॉलीवर झोपलेला माणूस, आणि जवळजवळ प्रत्येक फोटोत कुठंतरी पुढं चाललेला जयराज. घामानं पाठीला चिकटलेलं बनियन, किंचित डावीकडं कलणारं डोकं, रस्त्यावरनं उचलली गेलेली टाच. रिजवाननं आयुष्यात पहिल्यांदा कुणी न सांगता फोटो काढले होते. हनुवटी धरायची नव्हती, कापड नीट करायचं नव्हतं. बापानं बघितले असते तर म्हणाला असता, अरे, चेहरा कुठं आहे? पण त्या फोटोंमधली माणसं डोळे उघडून होती, कुठंतरी निघालेली होती, आणि एवढंच त्याला पुरेसं वाटायचं.

एका वर्षी दोघं साताऱ्याला गेले. तिथं यवतेश्वरच्या घाटात डोंगरावरची मोठी शर्यत होते, त्यात पळाले. धुक्यातनं घाट चढताना जयराज सारखा ओरडून विचारायचा, "बोलता येतंय का?" आणि रिजवान मागनं शिवी हासडायचा, म्हणजे येतंय. परत येताना कराडच्या स्टँडवर दोघांनी वडापाव खाल्ले, आणि जयराजनं गळ्यातलं पदक काढून तिथल्या चहावाल्याच्या लेकीला देऊन टाकलं.

फोटोंची गोष्ट हळूहळू बाहेर गेली. पुण्याच्या एका कलादालनात काम करणारी अंकिता नावाची मुलगी एका लग्नाच्या निमित्तानं सांगलीला आली होती. तिनं ते दुकानातल्या संगणकावर पाहिले आणि तासभर उठली नाही. आपण याचं प्रदर्शन करू म्हणाली. रिजवानला आधी चेष्टा वाटली. जयराजला सांगितलं तर तो म्हणाला, "माझी पाठ बघायला पुण्याची माणसं येणार? तिकीट लाव, गड्या." प्रदर्शन उन्हाळ्यात करायचं ठरलं.

त्याआधीच्या थंडीतली गोष्ट. उसाचा हंगाम भरात होता. रविवार होता, आणि डिग्रज सोडल्यापासून रस्त्यावर धुकं होतं. तुंगच्या अलीकडं रस्त्याकडंला ऊसतोडीच्या टोळीनं पाचट पेटवलं होतं. एक बाई तान्ह्या पोराला पदरात घेऊन त्या जाळाला पाठ शेकत बसली होती. रिजवान थांबला. कॅमेरा काढला.

जयराज थांबला नाही, मागं वळलाही नाही. "काढ तू," म्हणाला. "मी हळूहळू म्होरं हुतो."

रिजवाननं त्या बाईचा फोटो घेतला. मग सवयीनं कॅमेरा रस्त्याकडं वळवून जयराजचाही घेतला. तो धुक्यात शिरत होता, गुडघ्याखाली पाय दिसेनासे झाले होते. समोरनं उसाची ट्रॉली संथ येत होती. तिच्या मागनं कुणीतरी गाडी बाहेर काढली आणि दोन दिवे अचानक जयराजच्या बाजूला आले. आवाज फार मोठा झाला नाही. गाडी थांबली नाही. ती रिजवानच्या अंगावरनं वारा मारत सांगलीकडं निघून गेली.

जयराज रस्त्याकडंच्या चारीत पडला होता. रिजवान त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला. त्याला बोलवत राहिला. टोळीतली माणसं धावत आली, कुणी घोंगडं आणलं, कुणी पाणी. कुणीतरी पोलिसांना फोन केला, कुणी अँब्युलन्सला. अँब्युलन्स यायच्या आधीच सगळं संपलं होतं. हे रिजवानइतकं तिथं कुणालाच कळलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं दुसरं बघितलं काय होतं?

थोड्या वेळानं त्याच्या कमरेच्या पट्ट्यात फोन वाजू लागला. नानासोंचा होता.

"रिजवानभाई, झोपमोड केली का? तुंगच्या अलीकडं ॲक्सिडेंट झालाय. कॅमेरा घिऊन या लगोलग."

"मी हितंच हाय," रिजवान म्हणाला.

"हितं म्हंजे?"

"बॉडीजवळ."



नानासो आले तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली. जयराजला तेही ओळखत होते. आष्ट्याहून दुसरा फोटोवाला बोलवतो, तुम्ही बाजूला बसा, असं ते दोनदा म्हणाले. रिजवाननं नाही म्हणून मान हलवली. दुसरा येईल, तोंडात गुटखा धरून काढेल, बनियन वर सरकलेलं तसंच ठेवेल. "मीच काढतो," तो म्हणाला.

त्यानं बनियन खाली ओढलं. मग रीतीप्रमाणं काढत गेला. रस्ता, चाकाची खूण, निघून पडलेला बूट, चारही बाजूंनी देह. शेवटी जवळनं चेहरा. कॅमेऱ्यातनं बघताना त्याच्या ध्यानात आलं, की इतक्या वर्षांत जयराज पहिल्यांदा त्याच्या कॅमेऱ्यासमोर तोंड करून आहे. त्यानं बटण दाबलं. नंतर कॅमेरा हातातनं सुटेना. नानासोंनी शेजारी बसून त्याची बोटं एकेक करून मोकळी केली.

दुपारी देह आष्ट्याला गेला. जयराजची बायको संयोगिता बायकांच्या घोळक्यात होती, तिच्याजवळ जायची त्याला हिंमत झाली नाही. हरणाबाई भिंतीला टेकून बसली होती, रडत नव्हती. त्याला बघितल्यावर तिनं एवढंच विचारलं, "तू कुटं हुतास?"

"मागं हुतो, आई."

"व्हय," ती म्हणाली. "तू मागंच असायचास."

ती हे दोष देऊन म्हणाली की नुसतं म्हणाली, ते त्याला त्या दिवशी कळलं नाही, आणि नंतर विचारता आलं नाही.

बाराव्याला तिनं त्याला आत बोलावलं. भिंतीवर जयराजचा फौजेतला फोटो लावला होता, हार घातला होता. गाल बसलेला, मिसरूड फुटलेला कोवळा पोरगा. "ह्यो भरती झाला तवाचा हाय," ती म्हणाली. "ह्याला मी कवाच इसरले. माझा जयराज आताचा पायजे. तू एवढी वर्सं काढत हुतास, एक हसताना असंल त्यो दे."

रिजवान हो म्हणाला आणि घरी येऊन संगणकापुढं बसला. सगळे फोटो पहिल्यापासून पाहिले. पाठी. नुसत्या पाठी. उन्हातली, धुक्यातली, पावसात भिजलेली. एका ठिकाणी अर्धा कान आणि गालाची कड. साताऱ्याच्या शर्यतीच्या शेवटी कुणीतरी दोघांचा काढलेला होता, त्यात जयराज टॉवेलानं तोंड पुसत होता. इतका जवळचा माणूस, दुकानात शंभरदा येऊन बसलेला, आणि त्याला एकदा म्हणून समोर बसवून फोटो काढायचं याला सुचलं नव्हतं. संयोगिताकडं मोबाईलवरचे दोन-तीन होते, पण अंधुक, घोळक्यातले.

शेवटी त्यानं त्यातल्या त्यात चांगल्या पाठी मोठ्या करून घेतल्या आणि आष्ट्याला गेला. हरणाबाईनं एकेक हातात घेऊन पाहिला. एकावर बोट ठेवून म्हणाली, हा आमच्या येशीजवळचा. बाकीचे चाळले आणि परत दिले.

"पाठ दावून तर गेला," ती म्हणाली. "आता भिंतीलाबी पाठच लावू? एकबी तोंडाचा काढला न्हाईस?"

एक होता. ठाण्याच्या फाईलमध्ये होता आणि त्याच्याकडच्या कार्डात होता.

"न्हाई, आई," तो म्हणाला.

त्यानंतर बऱ्याच गोष्टी बंद पडल्या. अंकिताचा फोन आला. तिला खरंच वाईट वाटलं होतं, ती रडलीही. पण बोलण्याच्या ओघात म्हणाली, की आता ही मालिका पूर्ण झालीय, शेवटी तो धुक्यातला फोटो लावू, दिवे येत असलेला. यावर रिजवान काही रागावला नाही. प्रदर्शन करायचं नाही, एवढंच त्यानं सांगितलं, आणि ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली तेव्हा फोन उचलणं सोडलं.

तोच धुक्यातला फोटो पोलिसांनीही मागून नेला. गाडी शोधायला दुसरं काही हाताशी नव्हतं. ट्रॉलीवाल्यानं गाडी पांढरी होती म्हणून सांगितलं, टोळीतला एकजण म्हणाला, काळी होती. रिजवानला तर रंग आठवतच नव्हता, फक्त वारा आठवत होता. महिने गेले. एक दिवस नानासो स्वतः दुकानात आले, स्टुलावर बसले, आणि फोटो परत देत म्हणाले, "दिवं दिसत्यात, गाडी दिसत न्हाई. साहेबांनी लय मोठा करून बघितला." गाडी सापडली नाही. आजवर नाही. रिजवाननं त्याच वेळी त्यांना सांगितलं, की यापुढं मला बोलवू नका. नानासो म्हणाले, ते मी कधीच ठरवलंय.

पळणंही सुटलं. बूट दाराआड पडून राहिले, त्यावर धूळ बसली. झोप पुन्हा गेली आणि या वेळी येणारा माणूस एकच होता. स्टुडिओत कुणी पासपोर्ट फोटोला आलं, कॅमेऱ्यात बघून गप्प बसलं, की रिजवानचा हात थांबायचा. पासपोर्टचं काम तो हळूहळू नूरीनवर सोपवू लागला. ती शिकली, बरं करू लागली. घरात मात्र कुणी मोठ्यानं बोलेना. मुलं शाळेतनं आली की दबक्या पावलांनी आत जायची.

असं वर्ष गेलं असेल. एका सकाळी नूरीननं बूट धुतले, उन्हात वाळवले आणि त्याच्यासमोर आणून ठेवले.  तुम्ही मेला असता तर आम्ही एकदाच रडून मोकळे झालो असतो, एवढं म्हणाली. त्याला ते लागलं. दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे उठला आणि बूट घातले.

तो रस्त्यावर मात्र गेला नाही. खणभागातल्या गल्ल्यांतनंच पळाला. मशिदीपासनं पिठाच्या गिरणीपर्यंत, तिथनं तालमीपर्यंत, परत मशीद. पहिल्यांदा कुत्री मागं लागली. मागनं मोटारसायकल आली की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा, ती जाईपर्यंत. लोकांना आधी हसू आलं, मग सवय झाली. गोल गोल, त्याच त्या गल्ल्यांतनं, घाण्याच्या बैलागत. कॅमेरा बरोबर नसायचा.

याच दिवसांत संयोगिताचा फोन आला. सासूबाईंनी बोलावलंय, कॅमेरा आणायला सांगितलंय, म्हणाली. रिजवान एस्टीनं आष्ट्याला गेला.

हरणाबाई अंगणात खुर्ची टाकून तयार बसली होती. धुतलेलं हिरवं लुगडं, डोक्यावरनं पदर. वर्षभरात निम्मी झाली होती. "माझा काढ," ती म्हणाली. "समोरनं. जवळनं काढ. मी हाय तवर."

त्यानं कॅमेरा काढला.  बराच वेळ तो नुसता बघत राहिला. तीही हलली नाही, डोळ्याची पापणीसुद्धा. उन्हात तिचा चेहरा पुरा दिसत होता, प्रत्येक सुरकुती, डाव्या गालावरचं गोंदण, आणि जयराजसारखं किंचित डावीकडं कललेलं डोकं. हे त्याला आजवर कधी दिसलं नव्हतं. त्यानं बटण दाबलं. मग आणखी एकदा.

पडद्यावर तिला दाखवलं तर म्हणाली, "लय थकले की रं." मग विचारलं, "चांगला आलाय न्हवं?"

"चांगला आलाय, आई."

"मग तुज्याकडंच ठिव. हितं ठेवला तर पोरं आत्ताच भिंतीला लावतील. लागंल तवा आण."

तिनं भाकरी वाढली. तो जेवला. संयोगितानं पाणी आणून ठेवलं आणि शेजारी बसली. तिघांपैकी कुणी जयराजचं नाव काढलं नाही. यंदा हळदीला बरा दर आहे, असं काहीतरी बोलणं झालं.

परतीच्या एस्टीत त्याला खिडकी मिळाली. तुंग आलं तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा गाडी आयर्विन पुलावर होती.

हरणाबाईचा फोटो दुकानातल्या कपाटात, पाकिटात आहे. ती अजून आहे. सणासुदीला नातवाकडनं फोन लावून घेते आणि विचारते, जेवलास का. रिजवान रोज पहाटे पळतो. खणभागाच्या बाहेर जात नाही. तालमीतली दोन-तीन पोरं अलीकडं त्याच्या मागं पळू लागली आहेत. तो त्यांना पुढं काढतो, आणि मागनं मधूनमधून ओरडून विचारतो, बोलता येतंय का म्हणून. आली नाहीत उत्तरं तर थांबवतो.